समुद्र दोन्हीकडे होता

(वसई येथील महिला मेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



परदेशी जाणाऱ्या नर्सेसबद्दल बोला, असे मला सांगितले आहे. व्हिसाचे वर्ग घ्यायला मी आलेली नाही. मी एकाच निर्णयाबद्दल बोलणार आहे, कारण तो घेताना आमच्या घरात जे झाले ते तुमच्यापैकी पुष्कळजणींच्या घरात होणार आहे.

२०२२ साली मला इंग्लंडमधून दोन नोकऱ्यांची पत्रे आली. एक ब्रायटनचे, दुसरे ब्लॅकपूलचे. दोन्ही गावे समुद्रकाठची. ब्रायटन दक्षिणेला, लंडनहून रेल्वेने तासाभरावर. किनाऱ्यावर नुसते गोटे. ब्लॅकपूल वायव्येला, आयरिश समुद्रावर. तिथे आपल्या अर्नाळ्यासारखी लांबच लांब वाळू. दीर म्हणाले, ब्रायटन, लंडन जवळ पडेल. सासूबाई म्हणाल्या, आपली माणसे असतील तिथे जा. नवऱ्याने नकाशा काढला. दोन दिवस सगळे बोलत होते, आणि नोकरी जिच्या नावावर होती तिला कोणी विचारले नाही. मला नवल वाटले नाही. लग्न होऊन मी गासहून पापडीला आले, तेव्हाही कोणी विचारले नव्हते.

तिसऱ्या दिवशी मी कागद-पेन्सिल घेऊन बसले. तिथल्या सरकारी आरोग्यसेवेत नर्सचा पगार श्रेणीप्रमाणे ठरतो. लंडन आणि त्याच्या लगतच्या भागात वरचा भत्ता मिळतो, पण ब्रायटन त्यात बसत नाही. म्हणजे दोन्हीकडे पगार तोच. भाडे मात्र जमीन-अस्मान. लंडन सोडले तर ब्रायटन सर्वांत महागड्या गावांत मोडते. ब्लॅकपूल गरीब. २०१९ च्या सरकारी पाहणीत इंग्लंडमधल्या सर्वांत वंचित भागांत ते अगदी वर होते. एकेकाळी गिरणी कामगार सुट्टीला यायचे, त्यांच्यासाठी बांधलेल्या लॉजमधून आता स्वस्त खोल्या मिळतात.

हिशेब असा निघाला: ब्रायटनला इतर नर्सेसबरोबर एक खोली आणि मुलगी पापडीला आजीकडे. ब्लॅकपूलला दोन खोल्या आणि आम्ही तिघे. मुलगी तेव्हा सहा वर्षांची होती. "राहील की दोन-चार वर्षे आजीकडे," सगळे किती सहज म्हणाले! बाप परदेशी गेला तर मुले आईजवळ राहतात, म्हणून त्याला कोणी हा प्रश्नच विचारत नाही. आई निघाली की मूल ही ठेवून जायची वस्तू होते. मी ब्लॅकपूल घेतले.

नवऱ्याचा व्हिसा माझ्या नोकरीवर होता. पहिले वर्षभर त्याला काम नव्हते. तो स्वयंपाक करायचा, मुलीला शाळेत सोडायचा. बरा करायचा, डाळ सोडून. इकडून फोन आला की पहिला प्रश्न, "त्याच्या कामाचं काय झालं?" माझ्या रात्रपाळीचे काय, हे कोणी विचारले नाही.

आता त्या गावाची दुसरी बाजू. जुलै २०२४ मध्ये जवळच्याच साउथपोर्टला, तेही समुद्रकाठचेच गाव, तीन लहान मुलींची हत्या झाली. मारणारा बाहेरून आलेला आहे अशी खोटी अफवा उठली आणि देशभर दंगली झाल्या. ३ ऑगस्टला ब्लॅकपूलमध्येही हाणामारी झाली. सण्डरलंडला कामावर निघालेल्या दोन फिलिपिनो नर्सेसवर दगड आले. त्या आठवड्यात आम्ही रात्रपाळीहून एकेकट्या निघत नव्हतो. आणि ७ ऑगस्टला ब्रायटनमध्ये काय झाले? मूठभर दंगेखोरांना थोपवायला वंशवादाविरुद्ध प्रचंड जमाव रस्त्यावर उतरला. दीरांचा लगेच फोन आला, "बघ, मी सांगत होतो." त्यांचे अगदीच चूक होते असे मी म्हणणार नाही. आपल्या बाजूने उभे राहणारे लोक असणे ही मोठी गोष्ट आहे, आणि ती भाड्याच्या हिशेबात दिसत नाही. पण स्वस्त भाड्याचे गाव भीतीचे आणि सुरक्षित गाव परवडेना, अशी निवड कामगार बाईपुढे ठेवली जाते, त्याचा जाब दीरांकडे नाही मागता येत.

काही गोष्टी लक्षात ठेवा. नर्सकडून भरतीचे पैसे घ्यायला तिथल्या नियमावलीने मनाई आहे. माझ्याकडे एका एजंटाने मागितले होते. मी दिले नाहीत. पासपोर्ट माहेरच्या नावाचा आणि नर्सिंगची नोंदणी सासरच्या नावाची असेल तर कागद अडतात. लग्नानंतर नाव बदलायची कायद्याने सक्ती नाही, हे आपण कधीपासून सांगतो आहोत! तुमचा व्हिसा त्या मालकाला बांधलेला असतो. नोकरी सुटली तर दुसरी शोधायला साधारण साठ दिवस मिळतात.

आणि ज्या नवऱ्याच्या व्हिसावर जाणार आहेत त्यांनी हे नीट ऐका. मारहाण झाली तर "व्हिसा माझ्या हातात आहे" ही धमकी पूर्वी खरी ठरायची. एप्रिल २०२३ पासून नोकरी किंवा शिक्षणासाठी गेलेल्यांच्या बायकांनाही तीन महिने स्वतंत्रपणे राहायची आणि सरकारी मदत घ्यायची परवानगी मागता येते. तीन महिने फार थोडे आहेत. तरी लंडनच्या साउथॉल ब्लॅक सिस्टर्ससारख्या संघटना वर्षानुवर्षे भांडल्या तेव्हा एवढे तरी पदरात पडले आहे.

पुढच्या रविवारी निर्मळच्या दोघी पत्रे घेऊन माझ्याकडे येणार आहेत. भाडे किती, रात्रीची शेवटची बस केव्हा, शाळा किती लांब, एवढे विचारून या म्हटले आहे. नवऱ्यांनाही आणा म्हटले आहे, पण बोलायचे त्या दोघींनी.