‘भाई, अनस्टराइल झालं’
(बारावी सायन्सच्या विद्यार्थ्यांसाठी झालेल्या करिअर मेळाव्यातलं भाषण)



मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. त्यामुळे तुम्हाला वाटलं असेल, हा कोडिंगबद्दल सांगणार. पण आज मी माझ्या धाकट्या बहिणीच्या कामाबद्दल बोलणार आहे. ती ऑपरेशन थिएटर टेक्नॉलॉजिस्ट आहे. तिला आज ड्युटी आहे, नाहीतर तीच आली असती आणि माझ्यापेक्षा चांगली बोलली असती. हे सगळं तिला विचारूनच सांगतोय.

आपल्या घरांत सायन्स घेतलं की दोनच दरवाजे दिसतात, नीट नाहीतर जेईई. बहिणीनं नीट दोनदा दिली. मार्क कमी पडले. लग्नाकार्यात खाला, फुप्पी विचारायच्या, “मग आता काय करणार मुलगी?” ती स्वयंपाकघरात निघून जायची.

मोठा भाऊ म्हणून मार्ग मी काढला. चौकात बॅनर पाहिला, ‘ओटी टेक्निशियन, एका वर्षात नोकरीची हमी’, आणि फी भरून मोकळा झालो. ऑफिसात बाहेरचं एखादं सॉफ्टवेअर वापरायचं तर मी दहा गोष्टी तपासतो. इथे एक प्रश्नही विचारला नाही, की सर्टिफिकेट कोणतं विद्यापीठ देणार? चार महिन्यांनी मला कळलं की त्या संस्थेला कुणाचीच मान्यता नाही. आणि मी ते घरात सांगितलं नाही. वाटलं, होईल काहीतरी. वर्ष संपल्यावर ते आपोआप उघडं पडलं. पैसे गेले आणि तिचं एक वर्षही गेलं.

पुढच्या वर्षी तिनं स्वतः चौकशी केली. नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचा बीपीएमटी हा पदवी अभ्यासक्रम आहे. तीन वर्षं शिक्षण, एक वर्ष इंटर्नशिप. बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी लागतं. त्यात ऑपरेशन थिएटरची शाखा आहे. तिनं तिथे प्रवेश घेतला.

आता हे काम नेमकं काय असतं? मलाही वाटायचं, डॉक्टरांच्या हातात कात्री द्यायची, झालं. तसं नाही. सकाळी पहिला पेशंट आत येण्याआधी ती थिएटरमध्ये असते. भूल देण्याचं मशीन कुठे गळतंय का, ऑक्सिजनचा जादा सिलिंडर भरलेला आहे का, सक्शन ओढतंय का, हे तपासते. कॉटरीची प्लेट पेशंटच्या अंगावर नीट चिकटली नाही, तर भाजू शकतं. टेबलावर पेशंटला चुकीचं झोपवलं, तर हाताची नस दबते. तो बेशुद्ध असतो, दुखतंय म्हणून सांगू शकत नाही. मग हत्यारं. ऑटोक्लेव्हमध्ये १२१ अंश सेल्सिअसला दाबाखालच्या वाफेत निदान १५ मिनिटं. पॅकवरच्या टेपच्या रेघा काळ्या झाल्या, तर तो पॅक वाफेतून गेलाय एवढंच कळतं. आतले जंतू खरंच मेले का, यासाठी वेगळी चाचणी असते.

आणि मोजणी. पोटाच्या ऑपरेशनमध्ये रक्त टिपायला मॉप वापरतात. ते सुरुवातीला मोजायचे, पोट शिवण्याआधी मोजायचे, कातडी शिवताना पुन्हा मोजायचे. एक कमी आला, तर शिवणं थांबतं आणि शोध सुरू होतो. मॉपमध्ये एक्स-रेत दिसणारा धागा असतो, तो याचसाठी.

२००८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं ऑपरेशनसाठी १९ मुद्द्यांची एक यादी दिली. पेशंटचं नाव काय, कोणत्या बाजूचं ऑपरेशन, मोजणी जुळली का, असे साधे प्रश्न. दिल्लीसह जगातल्या आठ शहरांतल्या हॉस्पिटलांत ती वापरून पाहिली. ऑपरेशननंतरची गुंतागुंत ११ टक्क्यांवरून ७ टक्क्यांवर आली. मृत्यू १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आले. नवं मशीन नाही, नवं औषध नाही. कुणीतरी थांबून मोठ्यानं विचारलं, एवढंच.

बहिणीचं दुसरं वर्ष चालू असतानाची गोष्ट. तिनं हत्यारांची ट्रॉली मांडली होती. चाळीस मिनिटांचं काम. वळताना तिच्या गाऊनची बाही बाजूच्या सलाईन स्टँडला निसटती लागली आणि तीच बाही पुढे ट्रॉलीवरून गेली. कुणी पाहिलं नव्हतं. सर्जन हात धुवून आत येत होते. ती म्हणाली, “सर, ट्रॉली अनस्टराइल झाली. माझ्याकडून.” सगळं उतरवलं, नवे पॅक काढले, केस लांबली. सर सगळ्यांसमोर रागावले. घरी येऊन ती रडली आणि मला म्हणाली, “भाई, अनस्टराइल झालं हे सांगायला अर्धं मिनिट पण लागलं नाही. पण ते अर्धं मिनिट फार मोठं होतं.”

मी गप्प बसलो. जी गोष्ट मी आठ महिने दडपली होती, तसली गोष्ट तिनं अर्ध्या मिनिटात सांगितली होती.

दुसऱ्या दिवशी थिएटरच्या इन्चार्ज सिस्टरनी तिला काही विचारलं नाही. पुढच्या केसची ट्रॉली तिलाच मांडायला दिली. अब्बा एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होते. त्यांना हे सांगितलं तेव्हा म्हणाले, “आम्ही पण पाने मोजल्याशिवाय बोनेट लावत नव्हतो.” त्या दिवसापासून घरात तिच्या कामाला कुणी कमी लेखलं नाही.

मुली मला विचारतात, स्कार्फचं काय? थिएटरमध्ये डोकं सगळ्यांनाच झाकावं लागतं, टोपी आणि मास्क सक्तीचा. हात मात्र कोपरापर्यंत उघडे ठेवून धुवावे लागतात, मग पूर्ण बाह्यांचा निर्जंतुक गाऊन. अंगठी, बांगड्या सगळ्यांनीच काढायच्या. आपल्याला काय जमेल, हे प्रवेशाआधीच कॉलेजात मोकळेपणानं विचारा.

अडचणीही सांगतो. तासन्‌तास उभं राहावं लागतं, रात्रपाळी असते, सुई टोचण्याचा धोका असतो. हिपॅटायटिस बी ची लस आधीच पूर्ण करा. लहान हॉस्पिटलांत सुरुवातीचा पगार कमी असतो, आणि न शिकलेल्या पोराला हाताशी धरून हेच काम करून घेतलं जातं. त्यात त्या पोराचंही नुकसान, पेशंटचंही. म्हणून मान्यतेचा मुद्दा मी पुन्हा पुन्हा सांगतो.

२०२१ साली संसदेनं अलाइड आणि हेल्थकेअर व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. शस्त्रक्रिया आणि भूल यांच्याशी संबंधित तंत्रज्ञ त्यात येतात. या कायद्यात अलाइड हेल्थ प्रोफेशनल होण्यासाठी किमान २,००० तासांचं, दोन ते चार वर्षांचं शिक्षण धरलं आहे. तेव्हा ‘सहा महिन्यांत ओटी टेक्निशियन’ असा बॅनर दिसला, तर पुढे चला. प्रवेशाआधी तीनच प्रश्न विचारा. पदवी कोणतं विद्यापीठ देणार? प्रॅक्टिकल कोणत्या हॉस्पिटलात, आणि तिथे खरंच ऑपरेशनं होतात का? मागच्या बॅचची मुलं कुठे काम करतात? मिळालेलं उत्तर विद्यापीठाच्या वेबसाइटवर स्वतः तपासा. भावावर सोडू नका.

आपल्या सभांमधून अल्-जहरावीचं नाव फार घेतलं जातं. हजार वर्षांपूर्वी अंदलूसमध्ये त्यानं शस्त्रक्रियेच्या सुमारे दोनशे हत्यारांचं वर्णन केलं, चित्रं काढली. अभिमान आहेच. पण आज आपल्या तालुक्याच्या हॉस्पिटलात ती हत्यारं मोजायला, उकळत्या वाफेतून काढायला आणि चूक झाली तर ‘माझ्याकडून झाली’ म्हणायला माणसं हवी आहेत. तुमच्यापैकी दोघं-तिघं जरी तिथे उभी राहिली, तरी माझं इथे येणं कामी आलं.