मिशाळ मासा आणि गळ टाकणारा माणूस
(समाजाच्या वार्षिक मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



कार्यकारी मंडळाने मला आवडीच्या कोणत्याही विषयावर बोलावयास सांगितले आहे. अशा प्रसंगी शिक्षण, संघटना, काटकसर असे विषय घेण्याची प्रथा आहे, आणि ते विषय महत्त्वाचे आहेत यात संशय नाही. परंतु आज मी गळाने मासे धरण्याविषयी, आणि त्यातही मिशा असलेल्या माशांविषयी चार शब्द सांगणार आहे. ज्या भोई समाजाने पिढ्यान्‌पिढ्या नदीच्या आधाराने संसार केले, त्याच्या मेळाव्यात हा विषय परका वाटू नये.

प्रश्न साधा आहे. आपल्या नद्यांत व धरणांत रोहू आहे, कटला आहे, मृगळ आहे. खळाळत्या पाण्यात खडस आहे. हे सर्व अंगावर खवले मिरविणारे, बाजारात मान मिळविणारे मासे. असे असूनही हौसेने गळ टाकणाऱ्यांपैकी पुष्कळजण ह्या देखण्या माशांकडे पाठ फिरवितात आणि शिवडा, शिंगाळा किंवा मांगूर मिळावा म्हणून रात्र रात्र डोहाच्या काठी बसतात. असे का व्हावे? केवळ चवीमुळे म्हणावे, तर मासा बाजारात विकत मिळतो. ह्या आवडीला कारणे आहेत, आणि ती पाहू लागलो म्हणजे आपण माशाबरोबर नदीचाही विचार करू लागतो.

प्रथम ह्या माशांची ओळख करून घेऊ. अंगावर खवले नाहीत, कातडी गुळगुळीत, आणि तोंडाभोवती लांब मिशा, ही ह्यांची खूण. प्राणिशास्त्रज्ञ ह्या माशांचा स्वतंत्र गण मानतात, आणि जगात त्या गणाच्या तीन हजारांहून अधिक जाती आहेत. आपल्याकडील शिवडा हा त्यांतला मोठा शिकारी. मध्य भारतात त्यालाच पढीन म्हणतात. हे नाव संस्कृत 'पाठीन' शब्दाचे वंशज आहे. अमरकोशात पाठीनाला 'सहस्रदंष्ट्र' असा पर्याय दिला आहे. शिवड्याचा जबडा ज्याने उघडून पाहिला असेल, आणि त्यातील बारीक दातांच्या दाट रांगा पाहिल्या असतील, त्याला हे नाव ठेवणाऱ्याने मासा हातात घेऊन पाहिला होता याविषयी शंका राहणार नाही.

गळाचा नादही काही नवा नाही. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने इ. स. ११३० च्या सुमारास 'मानसोल्लास' हा ग्रंथ रचला. त्यात राजाच्या करमणुकींमध्ये 'मत्स्यविनोद' नावाचे प्रकरण आहे. माशांचे खवले असलेले व कातडीचे असे भेद, त्यांना आवडणारे खाद्य, दोरी व गळ यांची तयारी, हे सर्व त्यात सांगितले आहे. राजाचा तो विनोद होता आणि आपल्या पूर्वजांचा तो व्यवसाय होता. पण दोघांची विद्या एकच होती. ती राजाला कोणी शिकविली असेल, हे आपल्या समाजाला वेगळे सांगावयास नको.

आता आवडीची कारणे पाहू. पहिले कारण असे की, हा मासा गरिबाला परवडतो. इंग्रजांच्या अमदानीत मद्रास सरकारच्या सेवेतील हेन्री सुलिव्हन थॉमस ह्या अधिकाऱ्याने १८७३ साली 'द रॉड इन इंडिया' हे पुस्तक प्रसिद्ध केले. त्यात खडसाच्या जातीच्या माशांचा मोठा गौरव आहे. साहेबाला हा मासा त्याच्या मायदेशातील सामन माशाच्या तोलाचा वाटला. तेव्हापासून खडसाची शिकार ही प्रतिष्ठेची गोष्ट झाली. तिला उंची काठी हवी, विलायती चकती हवी, दूरचा प्रवास हवा आणि सवडही हवी. शिवड्याला वा मांगुराला ह्यांतले काही लागत नाही. बांबूची काठी, थोडा तंगूस, शिशाचा लहानसा गोळा, एक मजबूत गळ आणि ओल्या जमिनीतून काढलेली गांडुळे एवढ्यावर काम भागते. मोठ्या शिवड्यासाठी गांडुळाऐवजी लहान मासा लावावा आणि त्याच्या दातांनी तंगूस तुटू नये म्हणून गळाजवळ वीतभर तार बांधावी. दिवसभर मजुरी करून आलेला माणूससुद्धा जेवण उरकून गावाजवळच्या डोहावर जाऊ शकतो, कारण हा मासा मुख्यत्वे रात्री फिरतो. श्रमकऱ्याच्या सवडीला जुळणारा असा दुसरा मासा क्वचितच सापडेल.

दुसरे कारण माझ्या मते सर्वांत महत्त्वाचे आहे. खवल्याचा मासा पुष्कळ अंशी डोळ्याने पाहतो. मिशाळ मासा अंगाने पाहतो. त्याच्या मिशांवर रुचीची सूक्ष्म केंद्रे दाटीने असतात, आणि ती मिशांवरच न थांबता सर्वांगाच्या कातडीवर पसरलेली असतात. अमेरिकेतील अशा माशांच्या अभ्यासात एका माशाच्या अंगावर ही केंद्रे लाखाहून अधिक आढळली. आपण जिभेने जे करतो, ते हा मासा शेपटीपर्यंत करतो असे म्हटले तरी चालेल. शिवाय सजीवाच्या शरीरातून पाण्यात पसरणारा अतिसूक्ष्म विद्युत्प्रभाव ओळखण्याची इंद्रिये त्याच्या कातडीत असतात. रोहू-कटल्यांना ती नाहीत. म्हणून काळोखात, पुराच्या गढूळ पाण्यात, जेथे माणसाला स्वतःचा हात दिसत नाही, तेथे हा मासा आपले भक्ष्य अचूक शोधून काढतो.

अशा माशाला धरावयाचे तर गळ टाकणाऱ्यालाही डोळ्यांचा भरवसा सोडावा लागतो. दिवसा तरंग बुडाला की मासा लागल्याचे कळते. रात्री तरंग दिसतच नाही. तेव्हा तंगूस तर्जनीवर घेऊन बसावे लागते. खेकडा आमिष कुरतडतो तो स्पर्श वेगळा, लहान कटिर्ना टोकरतो तो वेगळा, आणि शिवडा आमिष तोंडात घेऊन सावकाश चालू लागतो तो ओढ वेगळा. हा भेद पुस्तकाने शिकविता येत नाही. बोटालाच तो शिकावा लागतो. त्याचप्रमाणे आमिष कोठे टाकावे हेही पाण्याच्या ज्ञानावाचून समजत नाही. प्रवाह कोठे मंदावतो, काठ खालून कोठे पोखरलेला आहे, ओढ्याचे नवे पाणी नदीला कोठे मिळते आणि आमिषाचा वास त्या पाण्याबरोबर कोणीकडे जाईल, हा सर्व हिशेब मनात करावा लागतो. म्हणूनच ज्याला हा नाद लागला, त्याला पाण्याचा वरचा देखावा पुरेसा वाटत नाही. तो तळाचा विचार करू लागतो.

तिसरे कारण म्हणजे झुंज. खडस प्रवाहात सुसाट धाव घेतो. शिवड्याची रीत निराळी. तो खाली जातो, तळ धरतो, मुळांच्या जाळ्यात किंवा खडकाच्या कपारीत शिरू पाहतो. तेथे घाई करणाऱ्याचा तंगूस तुटतो आणि भिणाऱ्याचा मासा कपारीत जातो. किती ताणावे आणि किती सोडावे ह्याचे भान शेवटपर्यंत ठेवावे लागते. बरे, मासा काठावर आला म्हणजे काम संपले असेही नाही. शिंगाळ्याच्या पाठीवर एक आणि दोन्ही कुशींच्या परांत एकेक असा टणक काटा असतो. तो उभा करून अडकवून ठेवण्याची सोय निसर्गाने त्याला दिली आहे. मांगुराच्या पाठीवर काटा नाही, पण कुशीचा काटा लागला तर हात बराच वेळ ठणकतो. शिवड्याचे दात तर आपण पाहिलेच. गळ काढताना नवशिका ओळखू येतो तो ह्याच ठिकाणी.

चौथे कारण ताटातले आहे. रोहू-कटल्याच्या मांसात बारीक दुबेळके काटे फार, त्यामुळे घरात लहान मूल किंवा वृद्ध माणूस असेल तर आईचे अर्धे लक्ष त्यांच्या घासाकडे राहते. मिशाळ माशात असे काटे फार कमी. मधला कणा काढला की घास निर्धास्तपणे भरविता येतो. शिवाय मांगूर हवेतूनही श्वास घेतो. त्यासाठी त्याच्या कल्ल्यांजवळ खास इंद्रिय असते. त्यामुळे ओल्या कापडात गुंडाळला तरी तो घरी येईपर्यंत जिवंत राहतो. बर्फ नव्हता त्या काळी ताजा मासा मिळण्याचा हा सोपा मार्ग होता.

ह्यावर काही मंडळी म्हणतात की, हा तर घाण खाणारा मासा. त्याचे एवढे कौतुक कशाला? हा आक्षेप नीट तपासावयास हवा. शिवडा जिवंत मासे मारून खातो, तो अस्सल शिकारी आहे. देशी मांगूर किडे, अळ्या, गांडुळे खातो. एखाद्या तळ्यात माणसानेच कत्तलखान्याची घाण टाकून मासे पोसले, तर तो दोष माणसाचा होय. ज्याच्याविषयी आपल्याला माहिती नाही त्याला हलके लेखण्याची खोड माणसाला आहे, आणि ती केवळ माशांपुरती मर्यादित नाही, हे आपण आपल्या अनुभवाने जाणतो. अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांतही हा मासा पुष्कळ काळ गरिबाघरचे अन्न म्हणून ओळखला जाई. पुढे मिसिसिपीच्या परिसरात त्याची मोठमोठी तळी झाली, आणि अध्यक्ष रोनाल्ड रेगन यांनी २५ जून १९८७ हा दिवस ह्या माशाचा राष्ट्रीय दिवस म्हणून जाहीर केला. मासा होता तसाच होता. बदलली ती लोकांची नजर.

परंतु आवडीला विवेकाची जोड नसेल तर ती घात करते, हेही सांगितले पाहिजे. १९७४ साली युरोपातील एक प्रचंड मिशाळ मासा केवळ गळाच्या शिकारीसाठी स्पेनमधील एब्रो नदीत आणून सोडण्यात आला. आज तेथे माणसाहून लांब मासे मिळतात, दूरदूरचे शौकीन तेथे जातात. पण तेथील मूळच्या लहान माशांवर त्याचा ताण पडला. आपल्याकडे हाच प्रकार पैशाच्या लोभाने झाला. आफ्रिकेतील मोठा मांगूर, ज्याला बाजारात थाई मांगूर म्हणतात, तो झपाट्याने वाढतो आणि समोर येईल ते खातो. केंद्र सरकारने २००० साली त्याच्या पालनावर बंदी घातली. २०१९ साली राष्ट्रीय हरित लवादानेही त्याविरुद्ध आदेश दिले आणि त्यानंतर महाराष्ट्रात त्याची तळी नष्ट करण्याची कारवाई झाली. तरीही तळ्यांतून निसटलेला हा मासा आपल्या जलाशयांत शिरला आहे. शोभेच्या काचपेटीतून नदीत सोडलेला दक्षिण अमेरिकेचा सकर मासा उजनीसारख्या जलाशयात जाळ्यात येतो, जाळे फाडतो, आणि त्याला गिऱ्हाईकही नसते. तोही मिशाळ गणातलाच. पण आपल्या नदीचा नव्हे.

दुसरीकडे आपला देशी मांगूर आज जागतिक यादीत 'संकटग्रस्त' म्हणून नोंदला गेला आहे आणि शिवडा 'असुरक्षित' म्हणून. रोहू-कटल्याचे बीज केंद्रांत तयार होते आणि दरवर्षी धरणांत सोडले जाते. शिवड्याच्या वाट्याला असा पाठिंबा सहसा येत नाही. उलट, मत्स्यतळ्यात बीज सोडण्यापूर्वी मोहाची पेंड टाकून शिकारी मासे काढून टाकण्याची रीत आहे. तळ्यापुरते ते ठीक असेल; पण नदीतला शिवडा नदीनेच जन्माला घालावयाचा आहे. नदीचे पाणी खराब झाले, डोह वाळू उपशाने विस्कटले, की तो संपला.

म्हणून ज्यांना ह्या माशाची आवड आहे, त्यांच्यावरच त्याच्या रक्षणाची जबाबदारी अधिक आहे. मृगाचे पहिले पाणी आले की चढणीचे मासे धरण्यास सारा गाव लोटतो. त्या वेळी मासे पोटात अंडी घेऊन निघालेले असतात. पोट फुगलेली मादी गळाला लागली तर ती सोडून द्यावी. एका रात्रीची आमटी जाईल, पण पुढील वर्षाचा डोह भरेल. परदेशी मांगुराचे बीज कोणी स्वस्तात देऊ केले तरी ते घेऊ नये. काचपेटीतला मासा नको झाला तरी तो नदीत सोडू नये. सुरुंगाने वा विषाने मासे मारणाऱ्याला, मग तो आपल्या नात्यातला का असेना, गावाने अडवावे. आणि रात्री डोहावर जाणाऱ्या तरुणांनी पुराच्या दिवसांत धरणातून पाणी सुटणार आहे काय, ह्याची चौकशी केल्यावाचून पाण्याजवळ जाऊ नये.

आणखी एक विनंती. आपली मुले शिकत आहेत, नोकऱ्या धरीत आहेत, ही आनंदाची गोष्ट आहे. नदीवर पोट भरण्याची वेळ त्यांच्यावर येऊ नये, अशीच आपली इच्छा आहे. परंतु व्यवसाय सुटला म्हणून विद्याही सोडली पाहिजे असे नाही. तंगुसाच्या हिसक्यावरून मासा ओळखणारी बोटे आपल्या समाजात अजून आहेत. पाण्याचा रंग पाहून मासा कोठे असेल हे सांगणारी वृद्ध मंडळी आज ह्या सभागृहातच बसली आहेत. सुटीत मुलांना त्यांच्याजवळ बसवा, माशांची नावे आपल्या बोलीत लिहून घ्या, कोणता मासा कोणत्या नक्षत्रात कोठे मिळत असे ते टिपून ठेवा. संस्थेने पुढील वर्षीच्या स्मरणिकेत ह्यासाठी चार पाने राखून ठेवावीत, अशी माझी कार्यकारी मंडळास नम्र सूचना आहे.