ओलेड की मिनी एलईडी? आमच्या हॉलमधल्या टीव्हीचा हिशोब

 

मला सगळ्यात जास्त वेळा विचारला जाणारा प्रश्न आज घेतोय. ‘दादा, पीएस५ घेतलाय, आता टीव्ही घ्यायचाय. ओलेड घेऊ की मिनी एलईडी?’

२०२३ च्या सप्टेंबरपर्यंत मी डोळे झाकून ‘ओलेड’ म्हणायचो. मग आमच्याच घरी टीव्ही घ्यायची वेळ आली, आणि मी स्वतःच दिलेल्या सल्ल्याच्या उलट गेलो. तो टीव्ही आता दोन वर्षं वापरून झालाय, त्यामुळे बरं-वाईट दोन्ही सांगता येईल.

तर झालं असं. आमचा जुना ४० इंची टीव्ही गेला. स्क्रीनवर एक उभी रेघ आली, मग दुसरी आली. ५ ऑक्टोबरपासून क्रिकेटचा वर्ल्ड कप सुरू होणार होता, तोही भारतात. आम्ही पुण्याचे, गहुंज्यालाही मॅचेस होत्या. बाबांनी जाहीर केलं की वर्ल्ड कप या रेघांमधून बघणार नाही. बजेटचं ठरलं: अर्धे पैसे माझे, अर्धे बाबांच्या एफडीतले. वर बाबा म्हणाले, “अरे, मला यातलं काही कळत नाही. तू बघ, मी पैसे देतो.”

आता हे वाक्य ऐकायला भारी वाटतं, पण रिटायर झालेल्या माणसाची एफडी मोडून घेतलेली वस्तू चुकली तर तोंड दाखवायला जागा राहत नाही.

साइज ठरवणं सोपं होतं. आमच्या सोफ्यापासून समोरच्या भिंतीपर्यंत आठ फूट. ५५ इंची टीव्हीची रुंदी साधारण १२१ सेंटिमीटर असते. साडेसात फुटांवरून तो तुमच्या नजरेचा ३० अंशांचा भाग व्यापतो, आणि टीव्ही बघायला तेवढं पुरतं. सिनेमा हॉलसारखा ४० अंश हवा असेल तर साडेपाच फुटांवर बसावं लागेल. आमच्याकडे तिथे टीपॉय आहे. म्हणून ५५.

यादी गाळत गाळत दोन टीव्ही उरले. एक एलजी सी३, म्हणजे ओलेड. दुसरा सॅमसंग क्यूएन९०सी, म्हणजे मिनी एलईडी. दोन्ही २०२३ चीच मॉडेल्स, दोन्ही फोरके, दोन्ही १२० हर्ट्झचे, दोन्हींना एचडीएमआय २.१ चे चार-चार पोर्ट. आम्ही गेलो तेव्हा ऑफर धरून किमतीतही फार फरक नव्हता. म्हणजे खरी टक्कर.

आधी दोघांमधला फरक समजून घेऊ.

फोरके स्क्रीनवर जवळजवळ ८३ लाख पिक्सेल असतात. ओलेडमध्ये यातला प्रत्येक पिक्सेल स्वतःचा उजेड स्वतः तयार करतो. काळा रंग दाखवायचा असेल तर तो पिक्सेल सरळ विझतो. म्हणून ओलेडचा काळा खरोखर काळा असतो. मिनी एलईडी हा मुळात एलसीडीच. त्याच्यामागे छोट्या छोट्या एलईडींचे गट असतात आणि सीनप्रमाणे एकेक गट कमी-जास्त होतो. पण गट असतात शेकड्यांत आणि पिक्सेल लाखांत. त्यामुळे काळ्या आकाशात एकच चंद्र असला की त्याच्याभोवती थोडा उजेड सांडलेला दिसतो. याला ब्लूमिंग म्हणतात.

मग ओलेडच घ्यायचा ना? थांबा, उजेडाचं गणित उलटं आहे. पूर्ण स्क्रीन पांढरी किंवा एकदम उजळ झाली की ओलेड स्वतःला मंद करतो, नाहीतर वीज आणि उष्णता दोन्ही वाढतात. अशा वेळी सी३ साधारण दोनशे निट्सच्या आतबाहेर राहतो. चांगला मिनी एलईडी तिथे दुप्पट-तिप्पट उजेड सहज देतो. आता सांगा, दिवसभर उन्हात चाललेली क्रिकेट मॅच म्हणजे काय? जवळजवळ सगळी स्क्रीन उजळ!

आता गेमिंग. इथे यूट्यूबवर खूप गोंधळ घातला जातो, म्हणून एकेक मुद्दा घेऊ.

इनपुट लॅग, म्हणजे तुम्ही बटण दाबल्यापासून स्क्रीनवर हालचाल दिसेपर्यंतचा वेळ. गेम मोड चालू केला की या दोन्ही टीव्हींवर तो ६० हर्ट्झला दहा मिलिसेकंदांच्या आसपास येतो. इथला फरक तुमच्या-माझ्यासारख्या खेळाडूला कळणार नाही. १२० हर्ट्झला प्रत्येक फ्रेम ८.३ मिलिसेकंदांची असते, तीही दोघं दाखवतात. व्हीआरआर, म्हणजे गेमच्या वेगाप्रमाणे टीव्हीने स्वतःचा वेग बदलणं, तेही दोघांत आहे. पीएस५ वर ते ४८ ते १२० हर्ट्झमध्ये चालतं.

ओलेड पुढे आहे तो पिक्सेल बदलण्याच्या वेगात. कॅमेरा गर्रकन फिरवला तरी चित्र फासलं जात नाही. अंधाऱ्या गुहेतला गेम खेळताना तर त्याला तोड नाही.

मग डॉल्बी व्हिजन. सी३ मध्ये आहे, सॅमसंगमध्ये नाही, तिथे एचडीआर१०+ आहे. यावरून लोक भांडतात. पण पीएस५ गेम्ससाठी डॉल्बी व्हिजन देतच नाही! ते एक्सबॉक्स सिरीज एक्सवर मिळतं. म्हणजे पीएस५वाल्याने गेमिंगसाठी या मुद्द्यावर निर्णय घ्यायचं कारणच नाही. ओटीटीवर सिनेमे खूप बघत असाल तर जरूर विचार करा.

एवढं सगळं बघून माझा कौल सी३ ला होता. दुकानात दोन्ही टीव्ही शेजारी शेजारी होते. सेल्समन म्हणाला, “सर, ओलेड म्हणजे ओलेड!” मलाही तेच ऐकायचं होतं.

घरी येऊन आईला फोटो दाखवले. तिने एकच विचारलं, “याला दुपारी पडदा लावायला लागेल का रे?”

मी गप्पच झालो. कारण आमच्या हॉलची खिडकी पश्चिमेला आहे आणि तिचा उजेड थेट टीव्हीवर येतो. जुन्या टीव्हीवर तीननंतर काही दिसायचं नाही, म्हणून बाबा पडदा ओढायचे. आणि आई त्याच खिडकीपाशी बसून भाजी निवडते, पेपर वाचते. पडदा ओढला की ती उठून स्वयंपाकघरात जाऊन बसायची. इतकी वर्षं मी हे रोज बघत होतो, पण टीव्ही निवडताना माझ्या डोक्यात फक्त रात्री अकरा ते एकची वेळ होती. माझी वेळ!

मग मी एक आठवडा वहीत नोंद ठेवली. टीव्ही कधी लागतो, कोण लावतं, स्क्रीनवर काय असतं. सात दिवसांत टीव्ही ६३ तास चालला. त्यात बातम्या ३१ तास, आईच्या मालिका १७ तास, जुन्या-नव्या मॅचेस ५ तास आणि माझं गेमिंग १० तास. म्हणजे मी ज्याच्यासाठी टीव्ही निवडत होतो, तो एकूण वापराच्या सहाव्या हिश्श्याहूनही कमी होता.

आणि ३१ तास बातम्या म्हणजे काय? खाली लाल पट्टी, कोपऱ्यात चॅनेलचा लोगो. सगळं एका जागी, भडक रंगात, आणि बाबांचं चॅनेलही ठरलेलं. वर्षाला सोळाशे तास तीच पट्टी! ओलेडचे पिक्सेल वापराप्रमाणे झिजतात. एकाच जागी तेच चित्र वर्षानुवर्षं राहिलं तर तिथले पिक्सेल जास्त झिजतात आणि पुढे त्याची सावली कायमची दिसायला लागते. हाच तो बर्न-इन. सिनेमे, मालिका, वेगवेगळे गेम असं मिसळून बघणाऱ्या घरात याची फार काळजी करायचं कारण नाही. पण आमचं घर म्हणजे बर्न-इनची परीक्षा घेणारी प्रयोगशाळाच होती.

अजून एक गोष्ट, जी कुठल्याच रिव्ह्यूमध्ये मला दिसली नव्हती. ओलेड टीव्ही रिमोटने बंद केल्यावर स्टँडबायमध्ये स्वतःची डागडुजी करतो, पिक्सेलची झीज सारखी करून घेतो. त्यासाठी त्याला वीज लागते. आणि आमचे बाबा? टीव्ही बंद झाला की भिंतीवरचं बटणही बंद! ‘उगाच बिल वाढतं.’ ही सवय त्यांनी चाळीस वर्षं जपलीये. टीव्हीसाठी मी ती बदलायला लावणार होतो का? आणि समजा ते म्हणाले ‘बरं, नाही करत’, तरी एक दिवस विसरणारच. मग लोगोची सावली उमटल्यावर दोष कोणाला द्यायचा? ज्यांनी अर्धे पैसे दिले त्यांना?

मी वही बाबांसमोर ठेवली आणि म्हटलं, “बाबा, मला आवडलेला टीव्ही वेगळा आहे, पण आपल्या हॉलला हा दुसरा बरा.” त्यांनी वही वाचली. ३१ तासांचा आकडा बघून म्हणाले, “एवढा बघतो मी?” आई आतून म्हणाली, “कमीच लिहिलंय त्याने.”

२४ ऑक्टोबरला, दसऱ्याच्या मुहूर्तावर मिनी एलईडी घरी आला. बाबांच्या पहिल्या काही मॅचेस हुकल्या, त्याबद्दल अजून ऐकून घेतो. १९ नोव्हेंबरची फायनल मात्र दुपारी दोन वाजल्यापासून खिडकी सताड उघडी ठेवून बघितली. आई खिडकीपाशीच बसली होती. निकाल काय लागला ते सांगत नाही, सगळ्यांना माहितीये.

आता दोन वर्षांनंतरचा हिशोब. रात्री दिवे बंद करून अंधाऱ्या सीनचा गेम लावला की ब्लूमिंग दिसतं. बाजूच्या खुर्चीतून बघितलं तर एलसीडीचा काळा फिका पडतो, तेही दिसतं. मित्राच्या बेडरूममध्ये ओलेड आहे, तिथे खेळून आलो की घरी पहिली दहा मिनिटं मन जरा खट्टू होतं. खोटं कशाला बोलू? पण पश्चिमेची खिडकी उघडी असते, लाल पट्टी निवांत चालते आणि भिंतीवरचं बटण रोज बंद होतं. टीव्हीवरून घरात आजपर्यंत एकही वाद झालेला नाही.

म्हणजे माझं म्हणणं ‘मिनी एलईडी भारी’ असं नाही. तुमच्या स्वतःच्या खोलीत टीव्ही लावायचा असेल, खोली अंधारी करता येत असेल, तुम्ही सिनेमे आणि गेमच बघत असाल, तर बिनधास्त ओलेड घ्या. पण तोच टीव्ही हॉलमध्ये, सगळ्या घरासाठी असेल तर आधी घर बघा, मग टीव्ही.

दुकानात जायच्या आधी चार कामं करा.

एक, आठवडाभर वही ठेवा. कोण, कधी, काय बघतं. मोबाइलच्या नोट्समध्ये लिहिलं तरी चालेल.

दोन, दुपारी चार वाजता सोफ्यावर बसून टीव्हीच्या जागेचा फोटो काढा. त्यात खिडकीचं प्रतिबिंब दिसलं तर तुम्हाला जास्त उजेडाचा टीव्ही लागणार.

तीन, पोर्ट मोजा. खोक्यावर एचडीएमआय २.१ लिहिलेलं असलं म्हणजे त्या पोर्टवर फोरके १२० हर्ट्झ चालेलच असं नाही. अनेक टीव्हींत असे दोनच पोर्ट असतात आणि त्यातला एक साउंडबारचा असतो. कन्सोल आणि साउंडबार लावला की संपलं. ‘फोरके १२० हर्ट्झ नक्की कुठल्या पोर्टवर?’ असं थेट विचारा.

चार, ओलेड घेणार असाल तर बर्न-इन वॉरंटीत धरतात का, ते लेखी विचारा. तोंडी ‘हो सर, काही प्रॉब्लेम नाही’ ऐकून निघू नका.

आणि दुकानात टीव्ही भडक डेमो मोडवर असतो. रिमोट मागून फिल्ममेकर किंवा सिनेमा मोड लावायला सांगा, मग तुलना करा. एक चांगली बातमीही आहे: २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांवरच्या टीव्हींचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झालाय. जुन्या व्हिडिओंतल्या किमती धरून बजेट करू नका.

तुमच्या वहीत काय निघालं ते मला नक्की कळवा. विशेषतः घरात सगळ्यात जास्त टीव्ही कोण बघतं हे कळल्यावर त्या व्यक्तीचा चेहरा कसा झाला, ते तर कळवाच!

चला, भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत ऐकत राहा, आणि रात्री खेळताना आवाज जरा कमी ठेवा, घरचे झोपलेले असतात.