मोटार नवी, रस्ता पेण-रोह्याचा

मोटारगाडीवर बोलणाऱ्याने आधी तिची भरपूर स्तुती करावी आणि शेवटी 'जपून चालवा' असे सांगून रजा घ्यावी, असा एक रिवाज पडून गेला आहे. तो मी आज पाळणार नाही. मला मोटारींचे वेड आहे, हे खरे. पण ज्याला बैलांचा नाद असतो तोच बाजारात आधी बैलाचे दात बघतो. हल्ली दांडग्या ताकदीच्या आणि उंची थाटाच्या ज्या नव्या मोटारी निघाल्या आहेत, त्यांचे दात आज आपण बघू.

बघायचे कुठे? जाहिरातीतला रस्ता नको. तो नेहमी रिकामा असतो आणि त्यावर कधी गुरे बसलेली नसतात. आपला पेणहून रोह्याला जाणारा रस्ता घेऊ. पेण सुटले की वडखळ, मग नागोठणे, तिथून महामार्ग सोडून भिसे खिंड ओलांडली की कुंडलिकेच्या काठी रोहे. एवढ्या टापूत अवजड ट्रक आहेत, धाटावच्या कारखान्यांकडे जाणारे टँकर आहेत, उलट्या बाजूने येणारा दुचाकीस्वार आहे, पेंढा भरलेला टेम्पो आहे आणि पावसाळ्यात पाण्याने भरलेला, खोली न कळणारा खड्डाही आहे. पनवेल ते इंदापूर या ८४ किलोमीटरच्या रुंदीकरणाचे काम २०११ साली हाती घेतले. ते किती वर्षे रेंगाळले, हे या पट्टीतल्या लोकांना मी काय सांगणार!

आता ताकदीची गोष्ट. शेठ वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर कंपनी काढली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून १९५४ पासून फियाट ११०० बाहेर पडू लागली. तीच पुढे पद्मिनी झाली. तिचे इंजिन १०८९ घन सेंटिमीटरचे आणि ताकद सुमारे ४० अश्वशक्तीची. तेवढ्यावर माणसे टपावर वळकट्या बांधून कोकणात उतरत, आणि घाट चढून परतही जात. आज चाकणला तयार होणारी महिंद्रांची 'बीई सिक्स' ही विजेवरची मोटार घ्या. २०२४ साली ती दाखवली गेली. तिच्या मोठ्या बॅटरीच्या गाडीची ताकद २८६ अश्वशक्ती, म्हणजे सात फियाटींची! उभ्या जागेवरून ताशी १०० किलोमीटरचा वेग ती ६.७ सेकंदांत गाठते, असे कंपनी सांगते. आपल्या माणसांनी, आपल्या महाराष्ट्रात हे यंत्र बनवले याचा मला अभिमान आहे. पण वडखळ ते नागोठणे या टप्प्यात त्या सातांपैकी सहा फियाटी बसूनच असतात, हेही तितकेच खरे.

इटलीची लँबोर्गिनी तर आणखी पुढची. तुम्हां शेतकरी मंडळींना ऐकून गंमत वाटेल, या कंपनीचे संस्थापक फेरुच्चो लँबोर्गिनी हे मूळचे ट्रॅक्टर बनवणारे. मोटारींची कंपनी त्यांनी १९६३ साली काढली. त्यांच्या नावाची 'उरूस' नावाची गाडी २०१८ च्या आरंभी भारतात विकायला आली, तेव्हा तिची किंमत सुमारे ३ कोटी रुपये होती आणि तिचा कमाल वेग ताशी ३०५ किलोमीटर सांगितला होता. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरही मोटारीला मर्यादा ताशी १०० ची! उरलेल्या दोनशे पाच किलोमीटरांचे पैसे कशाबद्दल मोजायचे, ते मला अजून कोणी पटवून दिलेले नाही. नांगराला जुंपायचा नसेल तर ट्रॅक्टर कोणी घेतो काय?

यावर तरुण मंडळी म्हणतात, "वेग आहे म्हणून तो वापरलाच पाहिजे असे कुठे आहे?" बरोबर आहे. पण पायाखाली आयती ताकद असली की पाय चुकतो. पेट्रोलच्या जुन्या इंजिनाला जोर धरायला वेळ लागे, ते आधी आवाज करी, म्हणजे इशारा देई. विजेची मोटार पायाचा स्पर्श होताच सारा जोर देते, तोही मुकाट्याने. १९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला अशाच एका अति वेगवान विजेच्या मोटारीने दुचाकीला धडक दिली. दोन तरुण अभियंते, एक मुलगा आणि एक मुलगी, जागच्या जागी गेले. मोटार १७ वर्षांचा मुलगा चालवत होता, असे पोलिसांचे म्हणणे. सतरा वर्षांच्या हाती आपण तापट बैलाचा कासराही देत नाही.

शिक्षक बंधुभगिनींनी हे गणित वर्गात फळ्यावर मांडून दाखवावे, पोरांना ते भाषणापेक्षा लवकर कळेल. ताशी ६० म्हणजे सेकंदाला साधारण १७ मीटर. समोर म्हैस दिसल्यापासून ब्रेकवर पाय पडेपर्यंत एक सेकंद धरा. तेवढ्यात मोटार १७ मीटर गेली. मग कोरड्या, चांगल्या रस्त्यावर थांबायला आणखी सुमारे २० मीटर. झाले ३७. आता वेग दुप्पट, म्हणजे १२० करा. ते सेकंदाचे अंतर दुप्पट होईल, ३३ मीटर. पण थांबण्याचे अंतर चौपट होईल, सुमारे ८० मीटर. एकूण ११३! वेग दुप्पट झाला की मोटारीच्या अंगातला जोर चौपट होतो, आणि ब्रेकला तो सगळा जिरवावा लागतो. रस्ता ओला असेल तर हे आकडे आणखी वाढतात. गाडी तीन कोटींची असली म्हणून यातून सुटका नाही.

आता उंची मोटारींकडे वळू. यांत ताकदीपेक्षा आराम विकतात. काचेचे छप्पर घ्या. आपल्याकडे चार महिने धो धो पाऊस आणि एप्रिल-मेमध्ये डोक्यावर ऊन, तिथे छपराला खिडकी कशाला हवी? या छपराच्या कोपऱ्यांतून पाणी वाहून जाण्यासाठी बारीक नळ्या असतात. गाडी आंब्याखाली उभी राहिली, मोहोर आणि पाला त्यांत अडकला, की पाणी आत उतरते. आणि त्या खिडकीतून पोरांना उभे करून फिरवणारे आईबाप पाहिले म्हणजे मला संताप येतो, तो इथे गिळतो.

दुसरी गोष्ट पडद्याची. पूर्वी हवेची, दिव्याची, काचेची बटणे असत, हात आपोआप तिथे जाई. आता सगळे एका काचेच्या पडद्यावर. गचके बसत असताना त्यावर बोट नेमके ठेवायचे म्हणजे नजर रस्त्यावरून काढलीच पाहिजे. युरोपात मोटारींना सुरक्षिततेचे गुण देणाऱ्या संस्थेने २०२६ पासून ठरवले आहे की भोंगा, वायपर, वळणाचे दिवे अशा मोजक्या गोष्टींना हाताला लागणारी खरी कळ नसेल, तर गुण कापायचे. हे शहाणपण आले, बरे झाले.

तिसरी गोष्ट स्टेपनीची, आणि इथे मी मुळीच नमते घेणार नाही. बऱ्याच महाग मोटारींतून जादा चाकच काढून टाकले आहे. त्याऐवजी पंक्चर बुजवायचे औषध आणि हवा भरायचा छोटा पंप देतात. खिळा घुसला तर ते चालेल. खड्ड्याच्या धारेने टायरची बाजूच फाटली तर काय करणार? शिवाय या गाड्यांचे टायर पट्टीसारखे पातळ, रिम मोठी. खड्ड्याचा मार थेट रिमेला. स्टेपनी हा आपण इतका आपला केलेला शब्द मूळचा वेल्समधला आहे. लानेल्ली गावच्या स्टेपनी रस्त्यावर दोघा डेव्हिस बंधूंनी १९०४ साली जादा चाकाची युक्ती काढली, त्यावरून तो आला. इतक्या वर्षांनी आपण पैसे जास्त मोजून १९०४ च्या मागे निघालो आहोत.

म्हणजे नवे सगळेच वाईट काय? मुळीच नाही. जुन्या फियाटीवर माझे प्रेम आहे, पण टकरीत मला तिच्यात बसायला आवडणार नाही. घसरताना चाके जाम होऊ न देणारे ब्रेक आपल्याकडे २०१९ पासून मोटारींना सक्तीचे झाले, ही मोठी गोष्ट आहे. २०२३ पासून आपल्या देशातच मोटारी आपटून पाहून त्यांना तारे देण्याची सोय झाली. मी मोटार बघतो ती हे तारे पाहून. मात्र ही सगळी व्यवस्था पट्टा बांधलेल्या माणसासाठी केलेली आहे. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री गेले. मोटार उत्तम, एअरबॅगा होत्या. पुढे बसलेली दोघे जबर जखमी झाली, पण वाचली. मागे बसलेल्या दोघांनी पट्टे बांधले नव्हते, असे पोलिसांनी सांगितले. ते दोघे गेले. आपल्याकडे मागचा पट्टा सीटच्या फटीत खोचून ठेवण्याची पद्धत आहे, कव्हर खराब होऊ नये म्हणून!

चांगली गाडी चालवणे म्हणजे काय, ते पेणमध्ये शिकावे. गणपतीच्या आधी इथल्या कारखान्यांतून मूर्ती टेम्पोत भरून दूरदूर जातात. शाडूच्या मूर्तीचे बोट न दुखावता ती पोचवणारा टेम्पोवाला माझ्या मते कुठल्याही शर्यतवाल्याच्या तोडीचा. त्याचा ब्रेक कळत नाही, त्याचे वळण कळत नाही.

राहिला पैसा. जमीन रस्त्याला जाते, कारखान्याला जाते, मोबदला येतो आणि पहिल्या महिन्यात दारात मोठी मोटार उभी राहते. रक्कम पुरी पडली नाही तर कर्ज. पंधरा लाख रुपये नऊ टक्क्यांनी सात वर्षांसाठी काढले, तर महिन्याचा हप्ता सुमारे २४,१०० रुपये, आणि शेवटी फेड होते २० लाखांहून अधिक. तोवर मोटारीची किंमत उतरत उतरत कुठच्या कुठे गेलेली असते. त्यात विमा, डिझेल आणि त्या पातळ टायरांचा खर्च मी धरलेलाच नाही.

तरीही घ्यायचीच असेल, तर जरूर घ्या. पण मुंबईच्या शोरूमबाहेरच्या गुळगुळीत रस्त्यावर एक फेरी मारून सही करू नका. गाडी मागवून घ्या, मागच्या बाकावर आजी आणि दोन पोरे बसवा, तिघांचेही पट्टे नीट लागतात का बघा, डिकी उघडून स्टेपनी आहे का बघा, आणि मग गाडी नागोठण्याहून भिसे खिंडीतून रोह्यापर्यंत न्या. उतरल्यावर आजीला विचारा.