बट्टीला नाही म्हणताना



संयोजकांनी मला ‘संगणक क्षेत्रातील माझी वाटचाल’ हा विषय दिला होता. त्यांची क्षमा मागून मी आज पोटावर बोलणार आहे. कारण सकाळपासून चौघींनी विचारलं, “अगं, एवढी बारीक कशी झालीस?” आणि एकीने बाजूला घेऊन विचारलं, “बरी आहेस ना?”

आता बरी आहे. तीन वर्षांपूर्वी नव्हते.

शाळेत प्रार्थनेला उभी असताना मी चक्कर येऊन पडायचे, हे बाईंना आठवत असेल. “रक्त कमी आहे, गूळ-शेंगदाणे खा,” हे तेव्हापासून ऐकत आले. पुढे इंजिनिअरिंग, पुण्यात नोकरी, दोन बाळंतपणं, आणि सतत लोहाच्या गोळ्या. हिमोग्लोबिन काही नऊच्या वर जाईना. पोट फुगायचं, त्याचा दोष मी बैठ्या कामाला दिला. शेवटी त्रेचाळिसाव्या वर्षी एका डॉक्टरांनी टीटीजी नावाची रक्ततपासणी करायला सांगितली, मग दुर्बिणीतून लहान आतड्याचा तुकडा काढून तपासला. निदान झालं सीलिअॅक. गव्हातलं ग्लुटेन पोटात गेलं की शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच आतड्यावर उठते. अस्तर झिजतं, मग लोह अंगी लागणार कसं? यावर गोळी नाही. गहू, मैदा, रवा, जव कायमचे बंद.

मी हुशारीने दुकानातून ‘ग्लुटेन-फ्री’ लिहिलेली बिस्किटं, पाव, नूडल्स आणू लागले. ती तांदळाच्या पिठाची आणि मक्याच्या स्टार्चची. सहा महिन्यांत उपाशीपोटीची साखर ११८ वर गेली. १०० ते १२५ म्हणजे मधुमेहाचा उंबरठा. एका खड्ड्यातून निघून दुसऱ्यात.

त्याच वर्षी आखाजीला माहेरी धुळ्याला आले. आखाजी म्हणजे लेकीबाळींचा सण, तुम्हाला वेगळं सांगायला नको. आईने चुलीवर खापर तापवलं होतं, हातावर मांडा फिरवत होती, पातेल्यात आमरस. मी म्हटलं, “आई, मला चालत नाही.” ती गप्प झाली. बऱ्याच वेळाने म्हणाली, “म्हणजे इतकी वर्षं माझ्याच हातचं खाऊन तू आजारी पडलीस म्हणायचं.” याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही.

दुसऱ्या दिवशी तिने न बोलता कळण्याची भाकरी केली. आमच्याकडे चार वाट्या ज्वारीला एक वाटी काळे उडीद, मीठ घालून दळतात. सोबत वांग्याचं भरीत. शहाणपण पॅकेटात शोधत होते, ते आमच्याच चुलीवर होतं.

तरी टीटीजी पुरेसं उतरेना. प्रोग्रॅम चुकला की आम्ही ओळ न् ओळ तपासतो, तसं मी स्वयंपाकघर तपासलं. पहिला चोर सापडला हिंगाच्या डबीत! बारीक अक्षरात गव्हाचं पीठ लिहिलेलं. दुसरी गिरणी. गव्हाच्या मागे आपली ज्वारी टाकली की डब्यात गव्हाचं पीठही येतंच. घरघंटी घेतली, तवा आणि परात वेगळी केली. मग आकडा उतरला, हिमोग्लोबिन बारावर गेलं.

साखरेचं गणित मात्र वेगळं. ज्वारीत ग्लुटेन नाही, पण शंभर ग्रॅम पिठात पासष्ट-सत्तर ग्रॅम कर्बोदकं आहेत, जवळजवळ गव्हाइतकीच. आपल्याकडे लोक भाकरी म्हणजे औषध समजून तीन-तीन खातात. मी जेवणाला एकच खाते, आणि भरीत, मेथी, गवार, शेंगदाण्याची चटणी, दही, अंडी भरपूर. जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, केळीलाही. वांगं पोटभर खाते. केळं अर्धंच, कारण एका केळ्यात पंचवीसेक ग्रॅम कर्बोदकं. जळगावकरांनी रागावू नये.

एक कळकळीचं सांगते. माझं ऐकून कोणी उद्यापासून गहू सोडू नका. गहू सोडल्यावर केलेली तपासणी खोटीच ‘नाही’ म्हणू शकते, म्हणून आधी तपासणी. ती स्वच्छ आली तर पोळीने तुमचं काही वाकडं केलेलं नाही. आणि ज्यांना मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू आहे, त्यांनी डॉक्टरांना न विचारता भाकरी-भात एकदम तोडू नये, साखर घसरते.

हा आजार रक्ताच्या नात्यात असू शकतो, म्हणून घरच्यांची तपासणी केली. भावाची स्वच्छ आली. आईची नाही. बाहत्तर वर्षांची माझी आई, जिला सगळं आयुष्य “अशक्तपणा” होता. अहवाल ऐकून म्हणाली, “बरं झालं, मी एकटीच आळशी नव्हते.” यंदा आखाजीला तिने नातवंडांसाठी मांडे केले नाहीत, सुनेला शेजारी बसून शिकवले. पिठाला हात लावला नाही.

आज जेवणात वरण-बट्टी आणि गंगाफळाची भाजी आहे. वास मघापासून येतोय. मी आईने दिलेला डबा आणलाय, कळण्याच्या भाकरी आणि भरीत. भाकरी चार आहेत, मला एकच लागते. ज्यांना हवी त्यांनी माझ्या पंगतीला या.