गुडघा बदलल्यानंतरचा थकवा

(तालुक्याच्या ठिकाणी शिक्षक, ग्रामपंचायत सदस्य व शासकीय कर्मचारी यांच्यासमोर एका वैद्यकीय व्यावसायिकाने दिलेले भाषण)



गुडघ्याचा सांधा बदलण्याच्या शस्त्रक्रियेविषयी मी बोलावे, अशी आपल्या मंडळींची सूचना होती. मी त्यांना विनंती केली की, शस्त्रक्रियेपेक्षा तिच्यानंतरच्या दोन-तीन महिन्यांविषयी बोलू द्यावे. शस्त्रक्रिया दीड-दोन तासांत आटोपते आणि त्या वेळी रुग्णाला स्वतः काहीच करावयाचे नसते. इस्पितळातील मुक्कामही हल्ली चार-पाच दिवसांचाच असतो. पुढचे सारे घरी घडते, आणि तेथे रुग्णाची गाठ पडते ती थकव्याशी.

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात रुग्ण मजकडे येतात तेव्हा त्यांचे बोलणे बहुधा एकाच धर्तीचे असते. "डॉक्टर, गुडघा बरा आहे, टाकेही सुकले, पण अंगात त्राण म्हणून नाही. आंघोळ केली तरी पडून राहावेसे वाटते." काहींच्या मनात याहून मोठी भीती असते. शस्त्रक्रिया बिघडली की काय, आपण आता कायमचेच अंथरुणाला खिळणार की काय, असे त्यांना वाटू लागते. या भीतीपोटी माणूस व्यायाम सोडतो, आणि गुडघा वाकविण्याच्या दृष्टीने जे आठवडे सर्वांत मोलाचे, तेच हातचे जातात. म्हणून हा थकवा येतो कोठून, हे आधी समजून घेतले पाहिजे.

या शस्त्रक्रियेत मांडीच्या व नडगीच्या हाडांची झिजलेली टोके कापून तेथे धातूचे आवरण बसवितात आणि दोहोंच्या मध्ये पॉलिएथिलीनची चकती ठेवतात. कातडीवरचा व्रण वीतभर दिसतो, परंतु आत हाड, स्नायू व सांध्याचे आवरण या सर्वांना इजा झालेली असते. ती भरून काढण्यासाठी शरीर आपला साठा खर्च करीत असते. माणूस खाटेवर स्वस्थ पडलेला दिसला, तरी त्याच्या शरीरात बांधकाम चालू असते. नुसत्या पडून राहण्याने दमायला होते, हे घरच्यांना खरे वाटत नाही, पण ते खरे आहे.

दुसरे कारण रक्ताचे. या शस्त्रक्रियेत डोळ्यांना दिसते त्यापेक्षा पुष्कळ अधिक रक्त सांध्यात व भोवतालच्या मांसात झिरपते. हिमोग्लोबिन दोन-तीन ग्रॅमने उतरणे ही नित्याची गोष्ट आहे. चौदा असलेल्याचे अकरा झाले तर तो निभावून नेतो. परंतु आपल्याकडील कितीतरी स्त्रियांची सुरुवातच दहापासून होते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ या वयोगटातील निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे आढळले. गुडघे बदलण्याच्या वयात याच स्त्रिया साठीच्या पुढे गेलेल्या असतात आणि तोवर त्यांच्या रक्ताकडे कोणी पाहिलेले नसते. मग दहाचे साडेसात-आठ झाले की जिना चढताना धाप लागते, उभे राहताच डोळ्यांपुढे अंधारी येते, आणि घरात म्हणतात, आता वय झाले!

येथे एक व्यावहारिक सूचना करतो. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत शरीरातील दाहामुळे गोळीतील लोह आतड्यांतून नीट शोषले जात नाही. तेव्हा रक्ताची तपासणी शस्त्रक्रियेच्या निदान महिना-दीड महिना आधी करून घ्यावी आणि कमतरता असेल तर ती तेव्हाच भरून काढावी. गोळ्यांनी भागत नसेल तर शिरेतून लोह देता येते. शस्त्रक्रिया काही पळून जात नाही. सहा वर्षे सोसलेला गुडघा आणखी सहा आठवडे सोसता येतो. ज्यांची शस्त्रक्रिया होऊन गेली आहे त्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्याने लोह सुरू करावे, जेवणानंतर तासभर तरी चहा टाळावा, ताटात लिंबाची फोड असावी, आणि रक्त भरून येण्यास दोन महिने किंवा अधिकही लागतात हे ध्यानात ठेवावे.

तिसरे कारण झोपेचे. दिवसा सोसवणारी कळ रात्री वाढते, कुशीवर वळता येत नाही, दर दोन तासांनी जाग येते. मग दुपारी माणूस तीन-तीन तास झोपतो आणि रात्र पुन्हा जागून काढतो. पहिला दीड महिना हे चक्र पुष्कळांच्या वाट्याला येते. वेदनाशामक गोळीची शेवटची मात्रा निजण्यापूर्वी पाऊण-एक तास येईल अशा रीतीने वेळा डॉक्टरांकडून ठरवून घ्याव्यात. निजण्याआधी कापडात गुंडाळलेला बर्फ पंधरा-वीस मिनिटे गुडघ्यावर ठेवावा. दुपारची झोप अर्ध्या तासाची, आणि तीही तीनच्या आत. कुशीवर निजण्याची परवानगी मिळाली असेल तर दोन्ही गुडघ्यांमध्ये उशी घ्यावी. गुडघ्याखाली मात्र उशी ठेवू नये. तिने बरे वाटते, परंतु गुडघा वाकलेल्या स्थितीतच आखडतो. ठेवायचीच तर टाचेखाली ठेवावी.

औषधांचाही यात वाटा असतो. ट्रॅमाडॉलसारख्या गोळ्यांनी गुंगी, मळमळ व बद्धकोष्ठ होते. प्रीगाबालिनसारख्यांनी झोपाळूपणा व चक्कर येते. अशा वेळी गोळ्या मनाने बंद करू नयेत आणि दुकानातून मनाने वाढवूही नयेत. डॉक्टरांना सांगितले तर मात्रा उतरविता येते. रक्तदाबाच्या, मधुमेहाच्या व इतर सर्व गोळ्यांची चिठ्ठी जवळ असावी. वजन उतरले, जेवण कमी झाले की त्या गोळ्यांची मात्राही कधी कधी जास्त ठरते.

आता स्नायूंविषयी. मांडीच्या पुढच्या भागातील स्नायू हा गुडघ्याचा खरा आधार. शस्त्रक्रियेनंतर महिनाभरात त्याची ताकद पूर्वीच्या निम्म्यावर, कित्येकदा त्याहूनही खाली येते. मुळात वर्षानुवर्षे दुखऱ्या पायावर भार न दिल्याने तो वाळलेला असतोच. खुर्चीतून उठण्याला जेथे पूर्वी चार आणे शक्ती लागत होती, तेथे आता बारा आणे लागते. दमायला होईल नाही तर काय? निरोगी वृद्ध माणसांनाही दहा दिवस अंथरुणावर निजवून ठेवले तर पायांचे मांस मोजता येण्याइतके उतरते, असे प्रयोगांत आढळले आहे. तेव्हा केवळ पडून राहिल्याने हा थकवा जात नाही, उलट वाढतो. आणि एका दमात सारे करू गेल्यानेही तो जात नाही.

आमच्याकडील एका मुख्याध्यापिकाबाईंचे उदाहरण सांगतो. बाराव्या दिवशी त्यांना फार हुशारी वाटली. त्या दिवशी त्यांनी घरभर फेऱ्या मारल्या, कपाट आवरले आणि संध्याकाळी पाहुण्यांसाठी उभ्याने पोळ्या केल्या. दुसऱ्या दिवशी गुडघा टरारून सुजला. पुढचे चार दिवस त्या खाटेवर होत्या आणि त्यानंतरचे दहा दिवस भीतीने व्यायामाला शिवल्या नाहीत. महिन्याच्या तपासणीला आल्या तेव्हा गुडघा धड सत्तर अंशही वाकत नव्हता. पुढे तो वाकला, पण त्याची वेदना त्यांना दुप्पट सोसावी लागली.

आपण अधिकारी मंडळी अंदाजपत्रक जाणता. शक्तीचेही तसेच करावे. सबंध दिवसाची तरतूद सकाळीच खर्ची टाकू नये. व्यायाम एकदम तासभर न करता दहा-दहा, पंधरा-पंधरा मिनिटांचे तीन-चार वेळा करावेत. घोट्याची हालचाल, मांडीचा स्नायू आवळणे, सरळ पाय उचलणे, टाच घसरवीत गुडघा वाकविणे हे साधेच प्रकार आहेत. प्रत्येकानंतर विश्रांती घ्यावी. आंघोळ आणि व्यायाम लागोपाठ करू नयेत. आंघोळ ही या दिवसांत मोठीच मेहनत ठरते. ती न घसरणाऱ्या खुर्चीवर बसून करावी. किती झेपले याचे माप दुसऱ्या दिवशी सकाळी कळते. सूज व कळ रात्रीच्या विश्रांतीने उतरली असेल तर तेवढेच चालू ठेवावे व दर दोन-तीन दिवसांनी थोडे वाढवावे. उतरली नसेल तर निम्मे करावे. बंद करू नये.

भेटीला येणाऱ्यांविषयी बोलल्यावाचून राहवत नाही. आपल्याकडे आजाऱ्याला भेटणे हे कर्तव्य समजतात, आणि ते चांगलेच आहे. परंतु सकाळी सातपासून रात्री नऊपर्यंत माणसे येत राहतात, प्रत्येकाला शस्त्रक्रियेची हकीकत पहिल्यापासून हवी असते, आणि रुग्ण संकोचाने पाय खाली सोडून बसून राहतो. संध्याकाळी पाच ते सहा अशी वेळ ठरवून ती दारावर लिहावी. गावातील प्रतिष्ठितांनी ती स्वतः पाळली म्हणजे इतरही पाळतात.

आहाराकडे वळतो. या दिवसांत भूक मरते. चहा-बिस्किटे आणि पेज यांवर माणूस दिवस काढतो. बांधकाम चालू असताना विटाच पोहोचल्या नाहीत तर काय व्हायचे? बऱ्या होत असलेल्या वृद्ध माणसाला वजनाच्या प्रत्येक किलोमागे सव्वा ग्रॅमच्या आसपास प्रथिने दररोज हवीत; म्हणजे साठ किलो वजनाला पाऊणशे ग्रॅम. एका अंड्यात सहा ग्रॅम, पेलाभर दुधात सहा-सात, वाटीभर घट्ट वरणात साधारण तितकेच, मूठभर शेंगदाण्यांत सात-आठ. मासे किंवा कोंबडी खाणाऱ्यांना हे सोपे जाते. शाकाहारी माणसाने मुद्दाम हिशेब ठेवल्याशिवाय हा आकडा गाठला जात नाही. डाळ, उसळ, दूध, दही, पनीर हे दर जेवणात व मधल्या वेळेतही हवे. अळिवाचा लाडू आपल्या आज्यांनी बाळंतिणीसाठी ठरविला, तो येथेही चालतो. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी मात्र प्रथिनांचे प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. आणि उपवास? साबुदाण्यात प्रथिने जवळजवळ नसतातच. एकादशी-चतुर्थीचा उपवास दोन-तीन महिने थांबविल्याने देवाचा कोप होईल, असे मला वाटत नाही.

आता थोडे कटू बोलतो. पुरुषाची शस्त्रक्रिया झाली तर घर त्याच्याभोवती फिरते. बाईची झाली तर पंधरवड्यात ती चुलीपाशी दिसते. "बसून काय करायचे? हळूहळू करते," असे तीच म्हणते आणि ते ऐकून घरातील सर्वांचा जीव भांड्यात पडतो. एका शेतकरी कुटुंबातील बाई विसाव्या दिवशी भाकरी थापण्यास जमिनीवर बसल्या आणि त्यांना उठता येईना. सुदैवाने सांध्याला काही झाले नव्हते. परंतु त्यांचे हिमोग्लोबिन त्या दिवशी आठच्या खाली होते, आणि ते कोणालाही ठाऊक नव्हते. शस्त्रक्रियेची तारीख ठरविताना त्या दीड-दोन महिन्यांत घरचे काम कोण करणार, हेही त्याच बैठकीत ठरले पाहिजे. ग्रामपंचायतीच्या सदस्य भगिनींनी हा प्रश्न घरोघरी विचारावा, अशी माझी त्यांना विनंती आहे.

नोकरीतील मंडळींना रजेचा प्रश्न असतो. टेबलावर बसून काम करणारा सहा आठवड्यांच्या सुमारास रुजू होऊ शकतो. उभे राहून शिकविणाऱ्या शिक्षकाला दोन ते तीन महिने लागतात. महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, १९८१ अन्वये वैद्यकीय प्रमाणपत्रावर परिवर्तित रजा मिळते आणि ती अर्धवेतनी रजेच्या खात्यातून दुपटीने वजा होते. तेव्हा खात्यावर किती दिवस शिल्लक आहेत, हे आधी पाहून ठेवावे. रुजू झाल्यावर पहिले काही दिवस तळमजल्यावरील वर्ग, बसून शिकविण्याची मुभा, पाय टेकविण्यास स्टूल एवढे वरिष्ठांनी दिले तर तो कर्मचारी लवकर पूर्ववत होतो. यासाठी स्वतंत्र परिपत्रक निघण्याची वाट पाहण्याचे कारण नाही.

सर्वच थकवा मात्र निरुपद्रवी समजू नये. अचानक धाप लागली, छातीत दुखले किंवा खोकल्यातून रक्त पडले, तर रक्ताची गुठळी फुप्फुसात गेली असण्याचा संभव असतो. क्षणाचाही विलंब न लावता १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. पोटरी सुजून दुखू लागली तर त्याच दिवशी दाखवावे. ताप, व्रणातून पाणी किंवा पू, वाढती लाली ही जंतुसंसर्गाची चिन्हे होत. रक्त पातळ करणाऱ्या व वेदनाशामक गोळ्या चालू असताना शौचास काळे झाले तर पोटात रक्तस्राव होत असू शकतो, आणि तेव्हाचा थकवा अर्थातच गोड बोलून जाणारा नसतो. कमी होत आलेला थकवा पुन्हा वाढू लागला, तरीही तपासणी करावी. तीन महिन्यांनंतरही तो रेंगाळला तर थायरॉइड, साखर, ब-१२ जीवनसत्त्व, हृदय हे सारे पाहिले पाहिजे. कशातच रस वाटत नाही, उगाच रडू येते, असे दोन आठवड्यांहून अधिक चालले तर तेही लपवू नये. मनाच्या दुखण्यासाठी १४४१६ या क्रमांकावर शासनाची दूरध्वनी सेवा आहे.

किती दिवस लागतील, हे सर्वजण विचारतात. पहिले दोन आठवडे कठीण. सहा आठवड्यांच्या सुमारास घरातील हालचाली बऱ्याच सुलभ होतात. तीन महिन्यांपर्यंत बहुतेकांचा थकवा ओसरतो. ताकद मात्र वर्षभर वाढत राहते. मध्ये चांगल्या दिवसांमागून वाईट दिवस येतात. वहीत रोजचे चालणे लिहून ठेवले तर आठवड्याचा फरक दिसतो. रोजच्या रोज तो दिसत नाही.

शेवटचा प्रश्न दुसऱ्या गुडघ्याचा, कारण पुष्कळांचे दोन्ही गुडघे गेलेले असतात. श्री. अटलबिहारी वाजपेयी पंतप्रधान असताना त्यांचा एक गुडघा ऑक्टोबर २००० मध्ये मुंबईत बदलण्यात आला आणि दुसरा जून २००१ मध्ये. शस्त्रक्रिया करणारे डॉ. चित्तरंजन राणावत हे न्यूयॉर्कमध्ये १९७० च्या दशकात आधुनिक कृत्रिम गुडघ्याची घडण करणाऱ्या मंडळींपैकी एक होते. मधे सुमारे आठ महिने गेले. प्रत्येकाला तितके थांबावे लागते असे नाही; काहींचे दोन्ही गुडघे एकदमही बदलतात. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्र शासनाने कृत्रिम गुडघ्याच्या किमतींवर मर्यादा घातल्यापासून खर्चाची अडचणही काहीशी हलकी झाली आहे. परंतु दुसऱ्या शस्त्रक्रियेची तारीख घेण्यापूर्वी हिमोग्लोबिन पुन्हा मोजावे, रात्रीची झोप पूर्ववत झाली आहे का आणि पहिला पाय हाताचा आधार न घेता खुर्चीतून उठवितो का, हे पाहावे. यांपैकी एकाचेही उत्तर नकारार्थी असेल तर तारीख पुढे ढकलावी आणि मधल्या काळात वरण व व्यायाम दोन्ही चालू ठेवावेत.