एका बाजूचा उजेड

कोलकात्यात जन्मलेल्या ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन यांना १८६३ मध्ये लेक-जावयाने कॅमेरा भेट दिला, तेव्हा त्या ४८ वर्षांच्या होत्या. इंग्लंडच्या आइल ऑफ वाइट बेटावरच्या आपल्या घरी त्यांनी कोंबड्यांच्या खुराड्याचाच स्टुडिओ केला. खुराड्याच्या काचेतून येणारा उजेड त्या पडद्यांनी अडवत आणि मोजकाच, एका बाजूने, चेहऱ्यावर पडू देत. खगोलशास्त्रज्ञ जॉन हर्शेल यांचं १८६७ चं छायाचित्र पाहा. काळोखातून उजळलेले पांढरेशुभ्र विस्कटलेले केस, सुरकुत्या, टपोरे डोळे. समोरून सपाट उजेड असता तर नुसता चेहरा दिसला असता. विचारात बुडालेला माणूस दिसला नसता.

चित्र काठोकाठ रेखीवच हवं, असा तेव्हाच्या अनेक छायाचित्रकारांचा आग्रह. कॅमेरॉन मात्र भिंग जुळवताना चेहरा मनाला भिडला की तिथेच थांबत. त्यावर भरपूर टीका झाली, तरी त्यांनी पद्धत सोडली नाही. मला त्यांची ही हिंमत फार मोलाची वाटते.

त्यांचा तो एका बाजूचा उजेड मोबाइलवरही वापरून बघा. घरातले दिवे मालवा, आजीला खिडकीशेजारी बसवा, तिच्या डोळ्यांवर फोकस ठेवा आणि स्क्रीनवर बोट फिरवून चित्राचा उजळपणा थोडा उतरवा.